गप्प झालेला पंप

दि. ६ मार्च

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे, फक्त नखांत ग्रीस आहे. फोन केला असता, पण तुमचा फोन दादाच्या उशाशी असतो आणि त्याचे कान हल्ली डोळ्यांचंही काम करतात. हे त्याच्या कानावर जायला नको. पत्र मात्र तुलाच वाचावं लागतं. त्याला सांग, धाकटीने नवे बूट घेतले, बाकी विशेष काही नाही.

या वेळी पंप बसवायला मी कुठे आले असेन? दादा कामाला होता त्याच कारखान्यात. खरं तर इथे दुसरा मेकॅनिक निघाला होता. त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत, तेव्हा तू घरी थांब, असं म्हणून मी हे काम मागून घेतलं. चांगुलपणा पदरात पडला आणि कामही झालं.

वहिनी, मी ती जागा पाहिली. लांबलचक शेड, एका टोकाला माती कालवायचे हौद, दुसऱ्या टोकाला फिल्टर प्रेस. चौकोनी प्लेटा एकमेकींना घट्ट चिकटून उभ्या, मधे कापड. पंप हौदातला पातळ चिखल जोराने आत ढकलतो, पाणी कापडातून गळून जातं, आत मातीच्या लाद्या राहतात. हा पंपही जुन्यासारखाच हवेवर चालतो. कॉम्प्रेसरची हवा रबरी पडद्याला रेटते, पडदा चिखलाला. प्रेस रिकामी असताना तो धडधडतो, भरत आली की दमल्यासारखा होतो, आणि भरली की गप्प. नवख्याला वाटतं बंद पडला. पण हवा मागून रेटतच असते, सगळा जोर पाइपात कोंडलेला असतो. तो आधी बाजूच्या व्हॉल्व्हने सोडायचा आणि मगच पाइपाला हात लावायचा.

जुन्या पंपाचा तो व्हॉल्व्हच व्यवस्थापकाने, दादाच्या त्या मधबोट्याने, कायमचा बंद करून टाकला होता. फरशी घाण होते, वेळ जातो, म्हणून. त्या दिवशी पंप गप्प झाल्यावर त्याने दादाला सांगितलं की आता उघड, माल खोळंबलाय. दादाने पाइपाचं कपलिंग सैल केलं. पुढचं तू दवाखान्यात पाहिलंस. मी परमुलखात होते, मला सगळं तुकड्यातुकड्यांनी कळलं. चौकशीत या माणसाने मालकीणबाईंना गोड आवाजात सांगितलं की पंप गप्प असला की पाइपात जोर नसतोच, ह्यानेच घाईत भलता व्हॉल्व्ह फिरवला. एक डोळा गेला, दुसऱ्यात धुकं आलं, आणि वर चुकीचा शिक्का मारून नोकरीही गेली.

मधबोट्या अजून तिथलाच व्यवस्थापक आहे. दादाने हे नाव त्याला उगाच नव्हतं ठेवलं. मला तो ओळखत नाही. पहिल्याच दिवशी त्याने चहा मागवला, मला बेटा म्हणाला. मी चहा प्यायले वहिनी. सगळा प्यायले.

काय करू ते लिही. तुझ्या डोक्यात माझ्यापेक्षा जास्त तिखट असतं. आईला नमस्कार. तुझा जीव माझ्यावर आहे म्हणूनच हे लिहायची हिंमत झाली, तो तसाच असू दे.

तुझी,
धाकटी


दि. ११ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी ओट्याशी उभ्यानेच वाचलं आणि दूध उतू गेलं. तुझ्या दादाने वासावरून ओळखून विचारलं की काय झालं. मी सांगितलं की तुमच्या बहिणीने बूट घेतलेत, आणि किंमत वाचून माझं दूध उतू गेलं. आता घे बाई खरंच, नाहीतर आलीस की तो पायाला हात लावून बघेल.

तिखट मागितलंस ना, मग घे. तुला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. तो माणूस दवाखान्यात आला होता. तुझ्या दादाच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, आणि हा खाटेला खेटून बसून हळूच सांगत होता की माझं नाव घेऊ नकोस, मी तुझं सगळं बघतो. तुझ्या दादाने नाव घेतलं नाही. चौकशीवाले आले तेव्हा नुसता पडून राहिला. याचा अबोला म्हणजे कबुली, असं त्या माणसाने बाहेर सांगितलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. तेव्हापासून कोणी गोड बोललं की माझ्या अंगावर काटा येतो. परवा भाजीवाला बिचारा जरा प्रेमाने बोलला, त्यालाही मी फटकारलं.

तुझा दादा दिवसभर वेताच्या खुर्च्या विणतो, बोटांनी बघत. मी पडदे शिवते. तुझ्या पंपात पडदा, माझ्या घरात पडदे. तुझा निदान जोर तरी लावतो, माझे नुसते लोंबतात.

म्हणून सांगते ते नीट ऐक. पंप गप्प झाला की व्हॉल्व्ह सोडू नकोस. त्यालाच पाइप उघडायला लाव. जे माझ्या माणसाच्या तोंडावर उडालं ते त्याच्या तोंडावर उडू दे. पाप लागलं तर माझ्या नावावर. देव बघतो, देव बघतो, असं सगळे मला सांगून गेले. त्याने नुसतं बघितलंच.

हे पत्र फाडून टाक. माझा राग आणि माझी माया दोन्ही तुझ्या हवाली करते, दोन्ही सांभाळ.

तुझी,
वहिनी


दि. १९ मार्च

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

बूट घेतले. लाल आहेत. दुकानदाराने दोनदा विचारलं की कारखान्यात घालणार का.

तुझं पत्र फाडलं नाही. कामाच्या पँटच्या खिशात घेऊन फिरले. तू म्हणतेस ते मला करता येईल. फारसं काही करावंही लागणार नाही, फक्त एक व्हॉल्व्ह फिरवायचा नाही. रात्री अंथरुणावर पडले की मी त्याचं तोंड त्या पाइपासमोर आणून उभं करते. झोप छान लागते, हे तुला सांगायला हवं.

पण मधे एक माणूस आला. प्रेसवर एक वयस्कर कामगार आहेत, सगळे त्यांना दाढीवाले म्हणतात. परवा नटबोल्ट आवळताना माझ्या शेजारी बसून हळूच म्हणाले की नाक भावाचंच आहे. माझ्या हातातला पाना सुटला. त्या दिवशी दादाच्या तोंडावर पाणी ओतणारे तेच. मधबोट्याने दादाला काय सांगितलं ते त्यांनी ऐकलं होतं, आणि चौकशीत ते गप्प बसले होते. घरात खाणारी तोंडं होती, असं म्हणाले. मला त्यांचाही राग आला होता, पण फार वेळ टिकला नाही.

वहिनी, पाइप फुटला तर त्या प्रेसशी तेच उभे असणार. चिखल माणूस बघून उडत नाही.

तेव्हा तू सांगितलंस तसं होणार नाही. पण सोडणार नाही, हे नक्की. मला त्याचं तोंड फोडायचं नाही, उघडायचं आहे. चाचणी बघायला मालकीणबाई स्वतः येणार आहेत. रागावलीस तर रागाव, पण अबोला धरू नकोस.

तुझी,
धाकटी


दि. २४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

रागावले आहे. पहिलं पान लिहून फाडलं, त्यातलं अर्धं तुला कळवण्यासारखं नव्हतं. नणंदेने भावजयीला छळायचं असतं, ते तू फार सभ्यपणे करतेस.

तोंड उघडणार म्हणतेस. त्या तोंडातून आजवर मधाशिवाय काही बाहेर पडलेलं नाही. तू चार प्रश्न विचारशील, तो तुला बेटा म्हणून परत चहा पाजेल. तरी दाढीवाल्यांचं तुझं म्हणणं मला पटतं, आणि पटतं म्हणूनच जास्त राग येतो. त्यांच्याही घरी कोणीतरी पडदे शिवत बसावं, असं मला वाटत नाही.

तुझ्या दादाला संशय आलाय. काल म्हणाला की एका बुटाच्या जोडीवर इतकी पत्रं कोणी लिहीत नाही. तेव्हा जे करायचं ते कर, आणि असं कर की त्या माणसाला आरशात बघवू नये. माया कमी झालेली नाही, फक्त आज ती दाखवणार नाही.

तुझी,
वहिनी


दि. २ एप्रिल

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

रुसवा बाजूला ठेव आणि हे बसून वाच.

मालकीणबाई आल्या. थकल्या आहेत, पण काठी नुसती हातात, टेकत नाहीत. मागे मधबोट्या, पांढराशुभ्र शर्ट घालून. मी पंप सुरू केला. चांगला धडधडला. प्रेसच्या कडेने नितळ पाणी गळायला लागलं. बाईंनी बोट लावून बघितलं. मग ठोके लांबत गेले आणि पंप गप्प झाला. दाबाचा काटा वर चढून थांबला.

सगळे बाईंना खुर्ची आणून देण्यात गुंतले. मी पंपामागे एक चक्कर मारून आले आणि मधबोट्याला अगदी त्याच्याच आवाजात म्हटलं की साहेब, पंप गप्प झालाय, म्हणजे पाइपात जोर नाही, असं तुम्हीच मागे चौकशीत सांगितलं होतंत; तेव्हा कपलिंग तुमच्या हाताने उघडून बाईंना दाखवा.

तो हसला. हे कामगारांचं काम, म्हणाला, आणि दाढीवाल्यांना हाक मारून उघडायला सांगितलं. वहिनी, काटा वर दिसत होता तरी सांगितलं! दाढीवाले जागचे हलले नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की साहेबांच्या शब्दावर गप्प पंप उघडणारा एक माणूस मी पाहिलाय, आज साहेबांनीच उघडावं.

बाईंनी मधबोट्याकडे बघून नुसती मान हलवली. मग त्याने पाना उचलला. पाइपासमोर नाही, बाजूला उभा राहिला, आणि एक हात तोंडापुढे धरला. पाना कपलिंगवर खडखड वाजायला लागला. अखेर तो टाकून मागे सरला, ओल्या मातीत घसरून बसलाच. आणि मध संपला. ही मुलगी वेडी आहे, म्हणून ओरडला. आत पूर्ण जोर आहे, तोंड फाटेल, व्हॉल्व्ह सोडल्याशिवाय कोण उघडतं, असं सगळं एका दमात बोलला.

बाईंनी शांतपणे विचारलं की मग त्या माणसाबद्दल मला काय सांगितलं होतंस. तो म्हणाला की तेव्हाची गोष्ट वेगळी होती. त्यांनी विचारलं की पंप वेगळ्या जातीचा होता, की चिखल वेगळा होता, की माणूस कमी प्रतीचा होता. तेव्हा मी सांगितलं की मी त्या माणसाची बहीण.

मग पाना उचलून मी पाइपासमोर सरळ उभी राहिले आणि कपलिंग उघडलं. चार थेंब पडले, तेही बुटांवर. मघाशी मागे गेले तेव्हा काट्याची छोटी चावी बंद करून काटा होता तिथेच अडकवला होता, हवा तोडली होती आणि नव्या व्हॉल्व्हने पाइप हौदात मोकळा केला होता. तो रिकाम्या पाइपाला घाबरला, वहिनी. मातीत बसल्याबसल्याच त्याला ते कळलं, आणि ते कळताना मी त्याच्याकडे बघत होते.

सूड घेऊन काही मिळत नाही असं सगळे म्हणतात. मला मिळालं. खोटं कशाला सांगू?

आता दादाला वाचून दाखव. तो माझ्यावर चिडला तर तुझ्या मायेची ढाल मला लागेल.

तुझी,
धाकटी


दि. १० एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

रुसवा गेला. सगळी पत्रं वाचून दाखवली, माझं पापाचं पत्र काय होतं तेही तोंडी सांगितलं. तुझा दादा वेत ओढत ऐकत राहिला. चिडला तो माझ्यावर, म्हणाला की इतके दिवस मला बूट ऐकवलेस. मग मधबोट्या घसरून बसला तेवढं परत वाचायला लावलं. जेवणानंतर पुन्हा एकदा.

पण मला सांगायचंय ते परवाचं. तो आमच्या दारात आला. मालकीणबाईंनी त्याला सांगितलंय म्हणे की ज्याचं वाटोळं केलंस त्याने तोंडाने माफ केलं तर राहा, नाहीतर नीघ. मी त्याला अर्धी विणलेली खुर्ची दिली. तिच्या कडेवर तोल सांभाळत तो कितीतरी वेळ बोलला. नशीब, दिवस, घरचे, तब्येत. तुझ्या दादाने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी तो दमला तेव्हा तुझा दादा म्हणाला की त्या दिवशी पंप गप्प झाल्यावर मला काय सांगितलंस ते त्याच शब्दांत सांग.

त्याने पुन्हा गोल गोल सुरू केलं. तुझ्या दादाने पुन्हा तेच मागितलं. मग आई आतल्या खोलीतून बाहेर आल्या. आपल्या आईंना तू ओळखतेस. त्यांनी कधी उघड दोष दिला नाही, पण कोणी विचारलं की म्हणायच्या, पोरगा गुणी आहे, लहानपणापासून जरा घाईचा. हे तुझ्या दादाने भिंतीआडून किती वेळा ऐकलं असेल, ते मला त्या क्षणी कळलं. आई दाराला टेकून उभ्या राहिल्या. आणि तो माणूस मान खाली घालून पुटपुटला की गप्प झालाय, उघड.

तुझ्या दादाने सांगितलं की आईला कमी ऐकू येतं. तेव्हा त्याने मोठ्याने सांगितलं. शेजारचं दारही उघडलं.

आई तुझ्या दादाजवळ जाऊन त्याच्या केसांतले वेताचे तुकडे वेचत राहिल्या.

तो माणूस उठला, हात जोडून विचारू लागला की मग माफीचं काय. तुझा दादा पुन्हा वेत हातात घेऊन विणायला लागला होता. मान वर न करता म्हणाला की त्याची मला काही घाई नाही.

दार मी लावलं. तू कधी येतेस ते कळव. इथे तिघांची माया तुझी वाट बघते आहे, आणि ती मागावी लागणार नाही.

तुझी,
वहिनी