भिंतीतली पाच भोकं

१ फेब्रुवारी
आज चर खणायला घेतला. मागच्या बागेचा उतार सहा वर्षं तसाच पडून होता — निम्मी माती खाली आलेली, निम्मी वर अडलेली, आणि मधे जुन्या भिंतीचे दगड, रवंथ करत बसलेल्या गुरांसारखे. आता भिंत मी स्वतःच बांधणार. ही म्हणाली, "पुस्तकं बांधणारा माणूस भिंत बांधतोय, तेव्हा आधी पुठ्ठा कुठला लावायचा ते ठरवा." हसलो. छापखान्यात तीस वर्षं पानाला पान लावलं, दगडाला दगड का लागणार नाही?

गवंडी का बोलवत नाही, हे ती विचारत नाही. आमच्या माहितीतला चांगला गवंडी एकच, आणि तो माझा सख्खा थोरला भाऊ.

३ फेब्रुवारी
पाठ धरली.

८ फेब्रुवारी
हे एकदा लिहूनच ठेवतो. जुनी भिंत दादाने बांधली होती. चार रविवार, एकट्याने, चहाशिवाय काही घेतलं नाही. एक पावसाळा उभी राहिली. दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी मातीसकट खाली बसली, आईच्या खिडकीसमोरच. कुणाला इजा झाली नाही, ही देवाची कृपा.

दादा धावत आला. शेजारीपाजारी जमले होते. चिखलात उभा राहून सगळ्यांदेखत मी त्याला म्हणालो, "सख्ख्या भावाच्या घरीसुद्धा अंगचोर काम केलंस." तो एवढंच बोलला — "पाण्याला वाट ठेवली होती मी." कुठली वाट? मला तर दिसली नव्हती. सारवासारव करतोय असं वाटलं.

शब्द पसरतो. लोक त्याला काम सांगेनासे झाले, मग त्यानेच थापी ठेवून दिली. आता गोदामाच्या फाटकावर पहारा करतो. आई गेली तेव्हा तिच्या उशाशी तो आणि पायाशी मी. एकमेकांशी बोललो नाही.

११ फेब्रुवारी
कामावर जायच्या आधी तासभर खणतो. आज चर गुडघाभर झाला. त्यात बसून राहिलो. खाली माती थंड, वर ऊन नुकतं कुंपणावर आलेलं. मातीचा कापलेला चेहरा बघत होतो — एक काळा थर, एक तांबूस, मधे कधीच्या तरी मुळाचा दोरा. कुणीतरी फार सावकाश लिहिलेलं पान वाटलं. नामस्मरण आपोआप सुरू झालं. हिने दोनदा हाक मारली म्हणे. ऐकू आली नाही.

१५ फेब्रुवारी
फोनवर एक माणूस भिंत बांधून दाखवतो. म्हणतो, भिंतीला माती पाडत नाही, अडलेलं पाणी पाडतं. म्हणून भिंतीच्या मागे वीतभर जाडीची खडी भरायची. तळाला भोकाभोकांचा पाइप, कापडात गुंडाळून, जरा उतार देऊन. आणि दर चार फुटांवर भिंतीतून आरपार मुठीएवढं भोक सोडायचं. गावच्या शाळेत गुरुजी सांगायचे, पाण्याला डोळे नसतात पण त्याला वाट दिसते. तेव्हा आम्ही पाठ करून मोकळे झालो!

ती भोकं बघितली आणि तेवढाच भाग पुन्हा तीनदा लावून पाहिला. का, ते कळलं नाही.

१८ फेब्रुवारी
स्वप्न. पाणी भिंतीमागे अनवाणी येऊन उभं आहे. एका बोटाने टकटक करतं. माझ्या हातात दिवा आहे आणि मी म्हणतो, थांब, आधी सांजवात होऊ दे.

२२ फेब्रुवारी
नळाकडच्या टोकाला जुन्या भिंतीचा एक तुकडा अजून उभा होता. कमरेएवढा. आज तो काढायला घेतला. वरचा गिलावा टिकावाने सोलला, तर आतून सिमेंटचा गोल लपका निघाला. त्याच्या मागे कौलांची पन्हाळी, नीट बाहेरच्या बाजूला उतरती. तिच्या मागे खडी. स्वच्छ, एकसारखी, हाताने निवडलेली खडी.

पन्हाळीत चिंधी कोंबलेली होती. ओढून काढली. निळ्या चौकड्यांच्या शर्टाची बाही. मनगटाचं बटण शाबूत.

माझा शर्ट.

२३ फेब्रुवारी
कामावर एक अख्खं पुस्तक उलटं शिवलं.

१ मार्च
सगळं आठवलं. विसरलो नव्हतोच, फक्त त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. भिंतीत एक कोनाडा होता, तिथे मी संध्याकाळी दिवा लावायचो. पहिल्या पावसाळ्यात त्याच्या शेजारून तपकिरी ओघळ यायचे, पांढऱ्या चुन्यावर. देवाच्या दिव्याशेजारी घाण! पाच भोकं होती. मला वाटलं, परांचीचे बांबू घालायला ठेवली असतील आणि दादा बुजवायला विसरला. त्याला कशाला सांगायचं, बिचारा फुकट राबलाय. म्हणून जुना शर्ट फाडला, एकेक बोळा कोंबला, वर सिमेंट फासलं, चुना मारला. किती सुबक दिसत होतं! आईला खिडकीतून दाखवलंसुद्धा.

हिला सांगितलं. बराच वेळ गहू निवडत राहिली. मग विचारलं, भाऊजींना कधी सांगणार? मी म्हणालो, भिंत पुरी होऊ दे.

"सहा वर्षं कमी होती," ती म्हणाली, "आता आणखी एक भिंत मधे घाला."

८ मार्च
तीन थर झाले. दगड हातात घेतला की तो कुठल्या बाजूने बसणार, हे तोच सांगतो. मात्र घाई केली की गप्प होतो. त्याच जुन्या खडीतली चार घमेली धुऊन वापरली. फेकवेना.

१४ मार्च
दगड आणायच्या निमित्ताने गोदामावरून गेलो. दादा फाटकाशी स्टुलावर बसून कुलूप पुसत होता. मी मान फिरवली. त्याने नव्हे, मी.

२२ मार्च
भिंत छातीपर्यंत आली. ओळंबा सोडून पाहिला — दोरी तळच्या दगडाला टेकते, वर दोन बोटं सुटते. म्हणजे भिंत मागे मातीकडे रेललेली आहे, हवी तशी. पाच भोकं सोडली आहेत. कोनाडा ठेवला नाही. दिवा पायरीवर राहील, देव काही म्हणायचा नाही.

मागच्या खडीत नळी सोडून बसलो. बराच वेळ नुसती शांतता. मग कुठूनतरी खोलवरून चालत आल्यासारखं पाणी आलं. पहिल्या भोकातून, मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. भिंतीवर ओघळ उमटले, तपकिरी. इतके सुंदर ओघळ मी पाहिले नव्हते.

पाचवं कोरडंच.

२५ मार्च
गेलो. बाही धुऊन, घडी घालून नेली होती. रस्ताभर वाक्यं जुळवली आणि फाटकाशी सगळी सांडली. बाही त्याच्या हातावर ठेवली.

"भोकं मी बुजवली होती, दादा."

त्याने बाही उलटी केली, बटणावरून अंगठा फिरवला, खिशात ठेवली. आत एक गाडी आली, ती वहीत टिपली. मग विचारलं, पाइपला उतार किती दिलास? मी सांगितलं. पाचवं कोरडं आहे, तेही सांगितलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "रविवारी सुट्टी असते मला."

घरी कसा आलो आठवत नाही.

२९ मार्च
दादा आला, थापी घेऊन. पाचव्या भोकात कोपरापर्यंत हात घातला, आतला एक दगड फिरवला, आणि पाणी सुटलं. हात तसाच आत ठेवून, पाण्याकडे बघत तो बोलला —

"भिंत पडली त्या दिवशीच तुटलेल्या बाजूने असा हात घातला होता. बटण लागलं हाताला, तुझ्या शर्टाचं. वर बघितलं, तर आई खिडकीत. तिच्यादेखत तुझं नाव कसं घेऊ? तिला तुझ्याच घरात राहायचं होतं."