भुईमुगात का नाही उतरलीस, बाय?

प्रिय बाय,

अक्षर लागलं नाही तर रागावू नकोस. सातवीनंतर मी हातात वल्हं घेतलं, पेन कधी धरलं? पण काल एक माणूस घरी येऊन गेला आणि आज पहाटेच हा कागद घेऊन बसलो. तुझ्या आईला सांगायचा धीर होत नाही. तुलाच सांगतो. दुसरं कोण आहे मला?

तो घाटावरचा शेतकरी, बाबूराव. तुझं विमान ज्या माळावर आपटलं, त्याला लागूनच त्याचं शेत. दोन एसट्या बदलून पूर्णगडला आला, पिशवीभर शेंगा घेऊन. तुझ्या आईने बांगड्याचं तिखलं वाढलं, तर काट्यांनी बेजार झाला. "मामी, ह्ये खायचं तरी कसं? आमच्याकडं कोंबडीला एवढी हाडं नसत्यात!" तू गेल्यापासून तुझी आई पहिल्यांदा हसली गो!

ती आत गेल्यावर त्याने मान खाली घातली. "मामा, त्या दिवशी मी शेतातच हुतो. तुमच्या पोरीचं इमान माझ्या भुईमुगावर सरळ धरून आलं हुतं. पीक गुडघ्याच्या बी खाली, लांबलचक सपाट रान. मी पटका काढून हलवला, उतर बाई, उतर म्हणून. आन् ऐन वेळी ती वळली, पडीक माळाकडं. तिथं गवतात दगडी बांध हाय, वरनं दिसत न्हाई." मग हळूच विचारलं, "मामा, मी हाकलतोय असं वाटलं असंल का वो तिला?"

खरं सांगू? एक क्षण मला बरं वाटलं. म्हटलं, चला, याच्यामुळे झालं. माझ्यामुळे नाही. तुझा बाप असा आहे बघ!

तुझ्या त्या ग्लायडर विमानाला इंजिनच नसतं असं तू पहिल्यांदा सांगितलंस, त्या दिवशी मी जेवलो नव्हतो. आठवतं? तू कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढून मला समजावलंस. "आबा, उन्हाने जमीन तापते, तिथली हवा वर उठते. त्या हवेत घिरट्या घालून उंची कमवायची आणि मग सरळ पुढच्या ढगाखाली जायचं. असं करत शंभर कोस जाता येतं." आणि उलट मलाच विचारलंस, बंदरावरच्या घारी कशा वर जातात. मी म्हटलं, पंख न हलवता जी चढते तिच्या मागे जायचं, बाकीच्या नुसत्या फडफडतात. ते तू वहीत लिहून घेतलंस! इतकी शिकलेली पोर माझं बोलणं लिहून घेते म्हणून मी आठवडाभर बंदरावर छाती काढून फिरलो.

पण मला काळजी उतरण्याची. ढग नाही मिळाला तर? तू म्हणायचीस, "ठराविक उंची उरली की ढगाचा नाद सोडायचा आणि शेत शोधायचं. खांब दिसला की तार आहेच असं धरून चालायचं. धूर बघून वारा ओळखायचा. आणि एकदा शेत ठरलं की बदलायचं नाही, आबा. खाली आल्यावर मन बदलतो तो मरतो."

तुझाच नियम ना हा? मग तू का बदललंस?

मला माहीत आहे. म्हणून तर जीव जळतो.

तू दहा वर्षांची असताना हट्ट करून माझ्या होडीत बसली होतीस. वारा उठला, काळं भरून आलं आणि समोर कुणीतरी जाळं पसरलेलं. खलाशी ओरडला, "तांडेल, सरळ घाला, जीव जाईल!" मी नाही घातली. लांबचा वळसा घेतला. तू भिजून काकडत होतीस आणि मी तुला सांगत होतो, दुसऱ्याच्या जाळ्यावरून होडी न्यायची नाय बाय, ते त्याचं पोट आहे.

पुढे तू लांब उडायला लागलीस तेव्हा फोनवर तेच म्हटलं. कुणाच्या उभ्या पिकात उतरू नकोस हां. तू हसलीस. "आबा, वेळ आली तर उतरणारच. नुकसान भरून देतात." मी रुसलो. दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या गळ्याची शपथ घातली, तेव्हा तू कंटाळून म्हणालीस, "बरं बाबा, नाही उतरणार."

लहानपणी शपथ घातली की "सुटली म्हणा" म्हणून माझा पिच्छा सोडायची नाहीस. या वेळी का नाही म्हणायला लावलंस?

लग्न कर म्हटलं, ऐकलं नाहीस. बँकेतली नोकरी सोडू नको म्हटलं, ऐकलं नाहीस. जन्मात बापाचं एक ऐकलंस, तेही हे? समुद्रात वळसा घ्यायला पाणी असतं गो. तुझ्याकडे तेवढी उंची तरी होती का? होडीचं शहाणपण मी आभाळात कशाला पाठवलं?

तुला उडायला शिकवणारे सर सांगतात, नक्की कशाने झालं ते कुणालाच ठाऊक नाही, वाराही फिरला असेल. असेल. पण मी बाबूरावला सगळं सांगितलं. म्हटलं, तुझ्या पटक्याने नाही बाबा, माझ्या शपथेने वळली ती. तो उठून माझ्याजवळ येऊन बसला. मग माझा हात धरून म्हणाला, "आवो मामा, भुईमूग काय, पुढच्या साली परत येतोय की!" आणि आम्ही दोन म्हातारे ओसरीवर लहान पोरांसारखे रडलो. तुझी आई दारात येऊन उभी राहिली. तिला कळलं असेल का गो?

सरांचा दोनदा फोन आला होता, नवीन मुलं आली आहेत, त्यांना भेटायला या म्हणून. मी नाही म्हटलं होतं. आता जाणार आहे. मला भाषण येत नाही, पण उभा राहीन. सांगेन, पोरांनो, घरच्यांनी काय काय शपथा घातल्या असतील त्या जमिनीवर ठेवा आणि मग वर जा. उभं पीक दिसलं तर खुशाल उतरा. शेतकऱ्याच्या पाया पडायला मी येईन, कुठेही, कितीही लांब. हे माझं वचन तुला.

तुझा चुकलेला,
आबा