दादाच्या स्कूटरचा ब्रेक-शू

शनिवार, १२ जून १९७६

आजही ब्रेक-शू मिळाला नाही. आधी इतवारी, मग सीताबर्डी. नमुना म्हणून दादाच्या स्कूटरचा जुना शू खिशात होता. शेवटच्या दुकानदारानं तो उजेडात धरला. "भाऊ, हा तुमच्या गाडीचा नाहीच. दुसऱ्या गाडीचा आहे, कोनं तरी कानस मारून बसवला. ब्रेक लागे तरी कसा?"

लागला नाही. म्हणूनच दादा काटोल रोडवर ट्रकखाली गेला.

कोणीतरी म्हणे! आमच्या घरात कानस फक्त बाबांच्या हातात असते. गाडी मिस्त्रीकडे न्यायची नाही, सामान मिळालं नाही तर घासून बसवायचं, याचा केवढा तोरा! शूवर कानशीच्या तिरप्या रेघा स्पष्ट आहेत. मला आधी कशा दिसल्या नाहीत? की पाहायच्याच नव्हत्या?

घरी आलो तर बाबा अंगणात स्कूटरचं चाक काढून बसलेले. दादा गेल्यापासून हाच उद्योग.

"भेटला का गा?"

"नाही. दुकान बंद होतं."

"मग तो जुनाच आण. घासून बसवून देतो. तुले कामावर जायले गाडी पाहिजे न."

हरवला, म्हणालो. खिशात त्या रेघा बोटांना लागत होत्या.