सहाव्या मजल्यावरचं हळदीकुंकू

३ जानेवारी, शुक्रवार

संजना आज दिवसभरात तीन शब्द बोलली— ‘मीठ’, ‘हो’ आणि ‘झोपते’. काल चार होते. घसरण चालू आहे!

लग्नाला आठ महिने झाले, शारजात, रोल्लातल्या या खोलीत येऊन तिला एक. व्हिजिट व्हिजावर आहे. महिनाअखेर ठरवायचं— इथे राहायचं की गावी परत. ‘तू म्हणशील तसं,’ असं मी मोठ्या मनाने सांगून बसलोय. तेव्हापासून रोज कॅलेंडर बघतोय.

५ जानेवारी, रविवार

आईचा फोन. “नव्या सुनेची पहिली संक्रांत! काळी साडी, हलव्याचे दागिने, हळदीकुंकू— सगळं सासूने करायचं असतं रे. तिथे कोण आहे करायला?”

“मी आहे ना!” मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर कळलं मी काय बोललो ते.

१२ जानेवारी, रविवार

सुट्टी. हलवा करायला बसलो. मंद आचेवर परात, परातीत साबुदाणा, वर चमचा चमचा साखरेचा पाक, आणि बोटांनी हलवत राहायचं— मग दाण्यांवर काटा येतो. व्हिडिओत येतो. माझा सगळा चिकटून एक धोंडा झाला. बोटं भाजली ती वेगळीच.

संजना गादीवर बसून बघत होती. दुसऱ्या घाण्याला उठली. “केवढा पाक ओतताय! सरका.”

सरकलो. साइटवर मोठ्या साहेबांसाठीही मी इतक्या आनंदाने सरकत नाही.

“आमच्याकडे आत्या करायची,” ती म्हणाली. पूर्ण वाक्य! तेही मी न विचारता!

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. दिवसभर साइटवर. तिळगूळ हेल्मेटमध्ये ठेवून वाटला. हळदीकुंकू रविवारी ठरवलंय.

१६ जानेवारी, गुरुवार

हलव्याच्या बांगड्यांसाठी तिच्या मनगटाचं माप घेतलं. कामावरचीच टेप. एसीचे डक्ट मोजतो तसं, मिलिमीटरमध्ये. चूक शक्यच नाही.

१८ जानेवारी, शनिवार

आमंत्रणं. “मी इथे कुणाला ओळखते?” संजना म्हणाली. म्हणजे मीच जायला हवं. (मी तरी कुणाला ओळखतो? सहा वर्षांत फक्त लिफ्टला ओळखतो.) अंघोळ केली, भांग पाडला, निघालो.

समोरचं दार एका मिशीवाल्या गृहस्थांनी उघडलं. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. “भाईसाब, कल शाम को आपकी मिसेस को हमारे यहाँ भेज दीजिए.”

“क्यों?”

“हल्दी लगाने के लिए.”

दार बंद.

तरी पुढच्या दाराची बेल दाबली! तिथे हुमेरा आपा. घरी शिवणकाम करतात. लिफ्टमध्ये ओझरत्या दिसायच्या. सगळं ऐकून भिंतीला टेकून हसल्या. “अगे माँ! मैं औरंगाबाद की हूँ, भाई. हमारे मोहल्ले में हर साल होता था. पर बुलावा औरत देती है, औरत को! जाओ, दुल्हन को भेजो.”

संजनाला पाठवलं. पाच मिनिटांत येते म्हणाली. भात गार झाला तरी आली नव्हती.

१९ जानेवारी, रविवार

पुरुषांनी घरात थांबायचं नाही. खाली कॅफेटेरियात करक चहा घेत बसलो. थोड्या वेळाने मिशीवाले आले आणि माझ्याच टेबलावर बसले. मी उठून पळायच्या बेतात.

“अहो, हळदीकुंकू म्हणायचं ना सरळ!” ते म्हणाले. “लातूरचा आहे मी. तुमच्या मिसेस बोलवायला आल्या तेव्हा कळलं. मी हिला सांगितलं होतं, कुणीतरी येडं आलं होतं हळद लावायला!”

त्यांचं नाव रामेश्वर. सहा वर्षं समोरासमोर दारं, आणि एकमेकांशी ‘भाईसाब’!

तेवढ्यात संजनाचा फोन. “अहो, बांगडी मुठीवरूनच जाईना. मनगटाचं माप घेतलंत ना?”

“मिलिमीटरमध्ये!”

मागे सगळ्या बायका फिसकन हसल्या. संजनाही. ज्या आवाजाची महिनाभर वाट पाहिली, तो माझ्या मूर्खपणावर आला. चालेल.

वर गेलो तेव्हा पाहुण्या गेल्या होत्या. काळ्या साडीत, गळ्यात साखरेचा हार, संजना पातेली आवरत होती. हुमेरा आपांनी येताना बखूर, इथला सुगंधी धूप, आणला होता. त्याची धुरी आणि हळदीचा वास, दोन्ही अजून आहेत. मी खिडकी उघडली तर म्हणाली, “राहू द्या ना.”

व्हिजाचं विचारायचं होतं. परात घासायला घेतली.

२७ जानेवारी, सोमवार

आज विचारणारच होतो, तेवढ्यात कंपनीचा फोन. परवापासून खोर फक्कानची साइट. सहा महिने, राहायचं तिकडेच!

संजनाला म्हणालो, “आता तू इथे एकटी कशी राहणार? गावीच जा. तिकीट बघतो.”

तिने मान वर केली नाही. मांडीवर हुमेरा आपांनी शिकायला दिलेला ब्लाउज होता. “मी कशाला जाऊ? पुढच्या मंगळवारी समोरच्या वहिनींकडे हळदीकुंकू आहे. माझ्या व्हिजाचं करून टाका, आणि तुम्ही जाऊन या.”