शेवाळचोर

३ मार्च
आजपासून सागरी संशोधन केंद्राच्या किनाऱ्यावरच्या खडकावरची डावी चौकट माझी. खाटेएवढी. उजवी चष्म्याकडे, तोही माझ्यासारखाच कंत्राटी. चौकटीतलं तपकिरी शेवाळ महिनाभर जपायचं. ज्याचं काम चांगलं तो कायम, असं केंद्रप्रमुख मॅडम म्हणाल्या. चष्म्या हसला. हसण्यासारखं काय होतं?

४ मार्च
शेवाळ झकास. हातभर लांब पट्टे, त्यांवर हवेचे फुगे. पायाखाली आले की फट्ट वाजतात, मजा येते. संकल्प: रोज ओहोटीला जातीने हजर. चष्म्या म्हणे आठवड्यातून एकदाच येणार, तेही कडेकडेने. आळशी कुठला.

९ मार्च
शेवाळ विरळ झालंय. चोरी! लोक खतासाठी नेतात म्हणे. चष्म्याची चौकट मात्र गच्च. पाणी कुठंतरी मुरतंय.

१० मार्च
गस्त सुरू. आधी चौकटीभोवती. मग मधोमध उभा राहिलो, तिथून चारही बाजू दिसतात.

१३ मार्च
बायको म्हणाली, गमबुटांना चिकट काय लागलंय, बाहेर काढा. म्हटलं, इथे चोर पकडतोय आणि तू बुटांचं काय घेऊन बसलीस! ती म्हणाली, एकदाचे कायम व्हा, मग बूट देव्हाऱ्यात ठेवा. कायम व्हायलाच हवं. दर मार्चअखेर कंत्राट संपतं, पुन्हा हात जोडायचे, आता सहन होत नाही.
मेहुण्याचा फोन. नोकरीचं काय झालं म्हणे. नेमका आजच का विचारतो?

१७ मार्च
मधला खडक उघडा पडलाय. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी सापडल्या, चष्म्याच्या बाजूने आलेल्या. सगळ्या उचलून त्याच्या चौकटीत सोडल्या.

१९ मार्च
त्याचं शेवाळ जसंच्या तसं. गोगलगायी फितूर.

२२ मार्च
प्लास्टिकची खुर्ची नेली. पूर्ण ओहोटीभर बसलो, डोळ्यांत तेल घालून. चिटपाखरू फिरकलं नाही. तरी खुर्चीच्या पायांखालचं शेवाळ गेलं! काय हात असेल चोराचा.

२६ मार्च
मॅडमना लेखी तक्रार दिली. नाव घेतलं नाही, फक्त 'चष्मा लावणारी एक व्यक्ती' लिहिलं. मॅडमही चष्मा लावतात, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

३० मार्च
पाहणी झाली. मॅडम वाकून म्हणाल्या की चोराने कापून नेलं असतं, इथे तर बुडं चेंगरलीत. मला पाय पुढे करायला सांगितलं. चेंगरलेल्या ठशात बूट तंतोतंत बसला. किती वेळा येता, म्हणाल्या. अभिमानाने सांगितलं, रोज. चष्म्या हळूच म्हणाला की पाय पडू नये म्हणूनच तो येत नव्हता. पहिल्या दिवशी तसं सांगितलंही होतं. मला काही आठवत नाही. खोकला आल्याचं दाखवलं.

३१ मार्च
चष्म्या कायम झाला. माझं कंत्राट वर्षभरासाठी वाढलं. तुडवल्याने शेवाळाची किती हानी होते, ते आता मॅडमना मोजायचंय. इतक्या नेमाने तुडवणारा माणूस केंद्रात दुसरा नाही, असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या.
घरी फक्त 'वाढलं' एवढंच सांगितलं. काम कसलं ते बोललोच नाही. पाय चेपून देऊ का, एवढंच बायको म्हणाली.
हिला कोणी सांगितलं?