झोनमधला बोका

३ मार्च, सोमवार

बोका देता येणार नाही, असं झोनच्या फाटकावर म्हणाले. कारण तो आयात ठरेल!

ऐकून घेतलं आणि परत आलो. वाद घालणं मला कधी जमलं नाही.

बोका हिचा. म्हणजे हिच्या कारखान्यातला. गावाबाहेर विशेष आर्थिक क्षेत्र आहे, त्याला सगळे नुसतं झोन म्हणतात. तिथे शर्टांचा कारखाना. ही तयार शर्टांची बटणं तपासायची. डब्यातली मासळी निम्मी स्वतः खायची, निम्मी बोक्याला घालायची. रंगावरून त्याचं नाव ठेवलं होतं तपकिऱ्या. ही जाऊन आता तीन महिने होतील. तो अजून जेवणाच्या सुट्टीत हिच्या टेबलाखाली येऊन बसतो म्हणे.

महिनाअखेरीस लेकीकडे राहायला जायचं ठरलंय. कायमचं. हिचे कपडे, भांडी लेकीने वाटून टाकली, बरंच केलं. पण जाताना बोका न्यावा असं मनात आलं. लेक सोडली तर हिच्या हातचं खाऊन वाढलेले आता आम्ही दोघंच, मी आणि तो.

४ मार्च, मंगळवार

दूध उतू गेलं. मी तिथेच उभा होतो, त्याच्याकडे बघत.

५ मार्च, बुधवार

आज कस्टमच्या साहेबीणबाईंना भेटलो. वयाने लेकीपेक्षा लहान. पण समजावलं छान. जमीन आपल्याच देशाची, कायदा आपला, आत चोरी झाली तर पोलीसही आपलेच जाणार. फक्त कर लावण्यापुरतं असं धरून चालायचं, की कुंपणाच्या आतला भाग देशाबाहेर आहे. कारखाने यावेत, माल परदेशी जावा, लोकांना काम मिळावं म्हणून ही सोय. त्यामुळे आत आलेल्या कापडावर, बटणांवर कर नाही. मात्र तोच शर्ट फाटकातून आपल्या गावात आला, की तो परदेशातून आला असं समजायचं.

"आणि बोका?" मी विचारलं.

"जन्मला कुठे?"

"कापडाच्या गठ्ठ्यांमागे, असं म्हणतात."

"म्हणजे आत." बाई हसल्या नाहीत. "काका, मग ही जिवंत प्राण्याची आयात झाली. त्याला काही दिवस वेगळं ठेवायचं, डॉक्टरकडून तपासून घ्यायचं. बोटीतून घोडे येतात, त्यांचं करतात तसं."

मी म्हणालो, त्याने बोट पाहिलेलीसुद्धा नाही. आमचं घर फाटकापासून बसने चार थांबे.

"तुमच्या बाजूने चार थांबे," त्या म्हणाल्या. "त्याच्या बाजूने परदेश."

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. माझी सगळी नोकरी पाण्याच्या खात्यात मीटर वाचण्यात गेली. आमच्याकडेही असंच होतं. नळ एकच, पण मीटरच्या आतला घरमालकाचा आणि बाहेरचा खात्याचा. आणि गळती नेमकी मीटरवरच व्हायची!

७ मार्च, शुक्रवार

आत जाऊन आलो. हिची मैत्रीण, जी शर्टांना काजं करते, तिने पाहुणा म्हणून पास काढून दिला. फाटकावर मिशीवाल्या रखवालदाराने खिसे बघितले. घड्याळ, चष्मा, छत्री सगळं सांगून आत जायचं. सांगितलं नाही तर येताना आपलीच छत्री परदेशी!

मोठा हॉल. मशीनची घरघर. मी दारात उभा राहून घसा साफ केला, तर पहिल्या दोन रांगा फिस्सकन हसल्या. मला कळेना काय झालं. शर्टाची बटणं वरखाली लागली होती की काय म्हणून बघितलं.

काजवाली म्हणाली, "भाऊजी, रागावू नका. अगदी तस्संच करून दाखवायची हो ती. तुम्ही मीटरसमोर वाकता, खाकरता, चष्मा वर ढकलता आणि मग आकडा सांगता, सगळं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही पोट धरधरून हसायचो."

"कोण?" मी विचारलं. वेड्यासारखा.

"कोण म्हणजे? तुमची बायको."

सुपरवायझरबाईंचीही नक्कल करायची म्हणे, त्यांच्यासमोर. त्या स्वतः म्हणाल्या, "माझी चांगली जमायची नाही तिला. तुमची मात्र फर्स्टक्लास." मग कामाचं बोलल्या. ही असताना लोंबणारं बटण कधी पुढे गेलं नाही. त्या टेबलावर आता कुणी टिकत नाही. बोटांना मुंग्या येतात, कंटाळा येतो, पोरी सोडून जातात.

घरी आम्ही दोघं मोजकं बोलायचो. मीठ कमी आहे का. बस मिळाली का. लाइट घालवू का. मी समजत होतो, ही माझ्यासारखीच आहे. घर तेच, नवरा तोच, सगळं कागदोपत्री व्यवस्थित. पण रोज सकाळी आठपासून ही माझ्या हद्दीबाहेर जात होती, आणि मला पत्ता नाही.

जरा रागच आला. मग बसमध्ये हसू आलं. शेजारचा सरकून बसला.

८ मार्च, शनिवार

काल बोका चावला ते लिहायचं राहिलं. अंगठा. काजवाली म्हणाली, ओळख नाही ना अजून.

११ मार्च, मंगळवार

मिशीवाल्याने तोड काढली. त्याचं डोकं भलतंच चालतं.

"उचलून नेलात तर तो माल," तो म्हणाला. "मालाला मी अडवणार. पण स्वतःच्या पायांनी गेला तर? या बायका रोज जातात, त्यांना कोण विचारतं कुठे जन्मलात म्हणून? चालत जाणारा कामगार. कामगाराची आयात होत नाही."

साहेबीणबाईंच्या कानावर घातलं. न सांगता करणं बरं दिसलं नसतं. त्यांनी थोडा विचार केला. "शिफ्ट सुटते तेव्हा मी आतल्या खोलीत असते," त्या म्हणाल्या. "तिथून फाटक दिसत नाही."

शुक्रवारी करायचं ठरलं. मासळी मला करावी लागणार. कधी केली नाही.

१३ मार्च, गुरुवार

मासळी करपली. कढईही. पण वास बरा येतोय.

१४ मार्च, शुक्रवार

सगळं रीतसर झालं. फाटकाबाहेर पिशवी घेऊन मी उकिडवा बसलो, समोर डबा उघडा. रस्ताभर वास. शिफ्ट सुटली, पण एकही बाई बसथांब्याकडे जाईना. सगळ्या दोन्ही बाजूंना उभ्या, जणू वरात यायची आहे.

"भाऊजी, हाक मारा की."

मला हाका मारता येत नाहीत. "या," एवढंच म्हणालो.

"अहो, बोक्याला अहोजाहो करताय?"

आला मात्र. काजवालीच्या पायांत घोटाळत फाटकापर्यंत आला. तिथे बसला. शेपूट आत, मिश्या बाहेर. मिशीवाल्याने तोंड वळवलं आणि आकाश बघायला लागला. मग तपकिऱ्या उठला, एकेक पाऊल टाकत आला, आणि डब्यात तोंड घातलं. करपलेलंसुद्धा सोडलं नाही. माझ्या गुडघ्याला डोकं घासलं.

कुणीतरी टाळी वाजवली, तिला बाकीच्यांनी गप्प केलं.

पिशवी हाताशीच होती. तोंड उघडून धरायचं, बस. पण त्याने आधी पंजा चाटला, तोंड पुसलं, रस्त्याकडे नीट बघून घेतलं. बस, धूळ, मी. आणि वळून शांतपणे आत निघून गेला. कापडाच्या गठ्ठ्यांकडे.

कुणी हसलं नाही. काजवाली खाली वाकून रिकामा डबा लावायला लागली.

"त्याचं घर आत आहे हो, भाऊजी," ती म्हणाली.

मला हे माहीत असायला हवं होतं.

१६ मार्च, रविवार

लेकीचा फोन. "बाबा, तुमची खोली रंगवून झाली. बोका मिळाला का?"

नाही म्हणालो.

"जाऊ दे. तुम्ही या. एकटे काय करणार तिथे? दिवसभर भिंतींकडे बघत बसणार."

चुकत काहीच नाही तिचं. तिचा जीव तुटतो. मी हो हो केलं. फोन ठेवल्यावर पिशवीत दोन शर्ट भरले, मग बाहेर काढले. उगाच सगळी बटणं ओढून बघितली. एक सैल निघालं.

१८ मार्च, मंगळवार

सुपरवायझरबाईंकडे गेलो होतो. "वय?" त्यांनी विचारलं. सांगितलं. "डोळे?" म्हणालो, अंधाऱ्या खड्ड्यांतले आकडे वाचलेत. त्यांनी एक शर्ट पुढे सरकवला, बटणं तपासायला. लेकीला अजून काही सांगितलेलं नाही.

२४ मार्च, सोमवार

लेकीकडे जाणं रद्द. ती दोन दिवस रागावली, काल बोलली. आज हिच्या टेबलावर पहिला दिवस. बोटं आखडली आहेत, म्हणून थोडक्यात. जेवताना काजवालीने विचारलं, "भाऊजी, घरी कशी होती हो ती?" मी म्हणालो, फार शांत. कुणाचाही विश्वास बसेना.