पोका-योके

तासगाव, १४ ऑक्टोबर

दादा,

काल म्हणालास, तुझं इंग्लिश तुझ्यापाशीच ठेव. व्हय, ठेवलं असतं. पण ते धंद्याचं पुस्तक कुपवाडच्या कारखान्यातून तूच आणलंस. तुमच्या मालकांनी, नानासोंनी, सगळ्या कामगारांना वाटलेलं. तू त्यावर चहाचा कप ठेवायचास, मी परीक्षेसाठी त्यातले शब्द पाठ करायचे.

आई बरी आहे. मांजर परत माळ्यावर व्यायली.

लय भारी शब्द आहेत त्यात. गेम्बा म्हणजे खरं काम चालतं ती जागा. पोका-योके म्हणजे माणूस चुकला तरी घात होऊ नये अशी सोय. जपानी शब्द, इंग्लिशनं उचललेले. उदाहरण तुझ्याच पत्रा ठोकायच्या प्रेसचं निघालं. दोन बटणं, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय साचा खाली येत नाही. हात बटणांवर, म्हणजे साच्याखाली नाहीत.

खंडेनवमीला आम्हाला कारखाना दाखवायला नेलंस. प्रेसला झेंडूचा हार, हळदकुंकू. आरती झाली आणि तू खिशातून सायकलच्या ट्यूबचं रबर काढून उजवं बटण दाबून बांधून टाकलंस.

"पूजेपुरतं सोडतो आमी. देवाम्होरं मशीन नीट दिसाय नको? उजव्या हातानं पत्रा सरकवला की नग दुप्पट निघत्यात."

तुझ्याआधी त्या प्रेसवर दादासो होता. आता गेटवर बसतो. त्यानं मला प्रसादाचा पेढा डाव्या हातानं दिला.

रविवारी तू डाव्या हातानं जेवलास. उजवा मांडीखाली. आई म्हणाली, "लहानपणीची खोड परत आली व्हय रं?" तू हसलास.

पुस्तकात पुढचा शब्द होता नियर मिस. थोडक्यात हुकलेला अपघात. मोठ्या अपघाताआधी असे बरेच होऊन जातात म्हणे.

तुझा उजव्या हाताचा मोजा मी धुतला, दादा. एका बोटाला टोकच नाही. आईला दाखवला नाही.

काल रबर काढून टाक म्हटलं तर म्हणालास, "रबर काढलं तर मालक मला काढतील." काढू देत. तू दुपारच्या शिफ्टला पोचायच्या आत मी तिथं असेन. कात्री घेतलीय, नानासोंपुढं ठेवायला पुस्तकही घेतलंय.

हे तुझ्या डब्याखाली ठेवते. मोबाईल घरीच आहे, फोन करू नकोस. एसटीची वेळ झाली.

तुझ्या उजव्या हाताला राखी बांधणारी,
स्वप्नाली